टॅमरॅक रस्त्याचा पहिला नंबर

"हे कशाला उघडलंस?" माझ्या खांद्यावरून पडद्याकडे बघत अर्विडने विचारलं.

"सगळंच उघडतेय. कामच दिलंय मला ते," मी म्हटलं.

बर्फ काढणारी गाडी आधी कुठल्या रस्त्याला जाणार, हे आमच्या काउंटीच्या वेबसाइटवर रोज पहाटे ठरतं. ते ठरवणाऱ्या सेटिंग्ज अर्विड केट्टुनेनने वर्षानुवर्षं जागा मिळेल तिथे कोंबून ठेवल्या होत्या. तो निवृत्त व्हायच्या आत त्या सगळ्या एका फाइलीत आणायच्या आणि प्रत्येकीपुढे कारण लिहायचं, असं आमची साहेब रॉक्सॅन हिने मला बजावलं होतं.

त्यात ही एक सापडली, भलत्याच कोपऱ्यात दडवलेली. टॅमरॅक रस्ता, सर्वांत आधी. शाळेच्या आणि दवाखान्याच्याही आधी. हा रस्ता तळ्यापाशी संपतो आणि त्यावर घर एकच, अर्विडचं. मी मुळातच संशयी. इथे तर चोर आयताच हातात आला होता. दर हिमवादळानंतर हा माणूस कोरड्या बुटांनी सगळ्यांच्या आधी कसा हजर असतो, ते आता कळलं. आणि आम्ही बसायचं फावडं घेऊन गाड्या उकरत.

मी तडक रॉक्सॅनकडे जाणार होते. महिन्याभरात त्याच्या निवृत्तीचा केक कापायचा होता, त्याऐवजी चौकशी लागली असती. तरी आधी त्याच्या तोंडून ऐकावं म्हणून विचारलं, "कारणाच्या जागी काय लिहू?"

त्याने हातातली कॉफी टेबलावर ठेवली. मग म्हणाला, "लेम्पीला सकाळी सहाला डायलिसिसला पोचायचं असायचं."

"त्यासाठी आजारी माणसांची यादी आहे की."

"तिला यादीत नाव नको होतं. ड्रायव्हर वाचतात, मग गावभर होतं, म्हणायची."

लेम्पीला, त्याच्या बायकोला, जाऊन दोन हिवाळे झाले होते. तिच्या अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरातल्या जेवणात मीही हॉटडिश खाल्ली होती. पण मी सोडलं नाही. "मग नंतर का नाही काढलंत?"

"पहाटे गाडीचा पिवळा दिवा खिडकीवरून फिरतो," तो म्हणाला. "क्षणभर वाटतं, तिला उठवायला हवं." मग पडद्याकडे वळत म्हणाला, "रॉक्सॅनला सांगायचं तर सांग."

मला फार वाईट वाटलं, आणि तरी राग पुरता गेला नाही. मी उठून त्याला खुर्ची दिली. त्याने चष्मा पुसला, ती ओळ स्वतःच्या हाताने खोडली आणि टॅमरॅक रस्ता सर्वांत शेवटी टाकला. कारणाच्या जागी लिहिलं : एकच घर. घाई नाही.

मी रॉक्सॅनकडे गेले नाही.

पुढच्या बर्फात अर्विड जेवणाची सुट्टी झाल्यावर आला, गुडघ्यापर्यंत भिजलेला. "काय अर्विड, आत्तापासूनच निवृत्त?" रॉक्सॅनने टोमणा मारला.

"झोप लागली होती," तो म्हणाला, आणि बूट काढून त्याने ते हीटरपाशी वाळत ठेवले.