परीक्षेला नेलेला लाकडी बाहुला

मित्रांनो, माझ्या पोटात एक स्प्रिंग आहे, बाकी सगळा मी लाकूड आहे. चित्रकारांच्या टेबलावर हातपाय वाकवून उभा करतात ना, तसला एक जुना बाहुला मी. माझे गुडघे एका कारागिराने केले, खांदे दुसऱ्याने, आणि डोकं कुणी घडवलं ते मला ठाऊक नाही. आम्हा सगळ्यांची पहिली भेट खोक्यात झाली. तरी आमचं बरं जमलं.

कोरियातल्या बुसान शहरच्या सो-ह्वाबाईंनी मला विकत घेतलं. त्या चित्रकथा काढायच्या. तलवार चालवणारी एक विधवा सासरच्या माणसांना एकेक करून संपवते, अशी ती कथा. दर शुक्रवारी तिचा एक भाग मोबाइलवर यायचा. कथा कित्येक वर्षं चालली, कारण सासर मोठं होतं. विधवेची प्रत्येक झेप आधी मी घ्यायचो. बाई माझा हात मागे न्यायच्या, मला कमरेत पिळायच्या, एक पाय डोक्याशी लावायच्या आणि म्हणायच्या, "वा! काय रेघ आहे!" मला काही त्रास नव्हता. स्प्रिंग चांगली होती.

त्रास बाईंना झाला. टेबलावर वाकून वाकून त्यांची पाठ कोळंबीसारखी झाली. मान वळेना. डॉक्टरांनी व्यायामाच्या वर्गाला पाठवलं आणि वर्षभरात बाई ताठ झाल्या. तिथेच थांबल्या असत्या तर माझं आत्मवृत्तही इथेच संपलं असतं. पण त्यांनी ठरवलं, आता आपण शिकवायचंही. चित्रकथा सोडायची नाही. सकाळी वर्ग, दुपारी विधवा. आपल्यासारख्याच कोळंबी झालेल्या चित्रकारांना सरळ करायचं. त्यासाठी प्रशिक्षकाची परीक्षा द्यावी लागे. बाईंनी नाव नोंदवलं आणि लगेच शुक्रवारच्या भागाखाली स्वतःचं छोटं चित्र काढून हजारो वाचकांना कळवूनही टाकलं.

संपादकांचा फोन आला. "बाई, खुशाल घाम गाळा. फक्त तो शुक्रवारच्या भागावर पडू देऊ नका."

प्रात्यक्षिकासाठी माणूस आपला आपणच आणायचा होता. बाईंनी थोरल्या बहिणीला धरलं. माल-सुनताई बाजारात माशाच्या वड्या तळायच्या. जड पातेली उचलून उचलून त्यांचा उजवा खांदा आखडलेला. दुपारी दुकान बंद झालं की त्या सतरंजीवर आडव्या व्हायच्या. शेजारी मी उभा, नमुना म्हणून.

"आई गं, मेले! हात आहे की दाराची कडी?"

"ताई, अजून हात लावलासुद्धा नाही मी."

"लावणारेस ना? मग आत्ताच ओरडून घेते."

"याच्याकडे बघ जरा. कसा गुपचूप वाकतो."

"त्याला दुकान नाही, नवरा नाही, तुझ्यासारखी बहीण नाही. तो कशाला ओरडेल?"

रोज हेच. ताई उगाचही ओरडायच्या आणि खरंही ओरडायच्या. हळूहळू बाईंनी दोन्हींकडे लक्ष देणं सोडलं.

परीक्षेच्या दिवशी बाईंनी मला पिशवीत घालून सोबत नेलं. त्या नाव सांगायला आत गेल्या तेव्हा ताई माझ्याकडे वाकून म्हणाल्या, "आज मी तुझ्यासारखी. तोंडातून चकार शब्द काढणार नाही. नापास झाली तर वाचकांना काय तोंड दाखवेल ही?"

आत मला नेहमीसारखं शेजारी उभं केलं, आणि खरं सांगतो, बाईंनी शिकवलं सुरेख. स्नायूंची नावं तोंडपाठ होती, आवाज गोड होता. मग हात डोक्यावरून मागे न्यायचा व्यायाम आला. ताईंचा हात अर्ध्यावर अडला. बाई जरा मागे सरल्या, त्यांनी एक डोळा मिटला, आणि मी ती नजर ओळखली. त्या रेघ शोधत होत्या. पुढे येऊन त्यांनी तो हात हळूच, अगदी प्रेमाने, माझा जातो तिथवर नेला. कट् असा आवाज झाला.

रेघ मात्र अप्रतिम आली.

"थांबा," परीक्षकबाई म्हणाल्या. "हात मागे नेताना यांचा चेहरा कसा झाला होता?"

सो-ह्वाबाई वळू लागल्या.

"आता बघू नका. मला सांगा. चेहरे काढूनच पोट भरता ना तुम्ही?"

बाईंना सांगता येईना. मित्रांनो, मला चेहरा नाही. माझं डोकं अंड्यासारखं गुळगुळीत आहे. बाई माझ्यावरून अंग काढायच्या आणि चेहरा मागाहून मनानेच बसवायच्या.

ताईंच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. "मला काही झालं नाही," त्या म्हणाल्या. "करा हिला पास."

परीक्षकबाईंनी पेनाला टोपण लावलं. "तोंड मिटून सोसल्याचे गुण यांचे. तुमचे नाहीत."

त्यानंतर सकाळच्या वड्या सो-ह्वाबाईंनाच तळाव्या लागल्या. गळ्यात हात बांधून ताई स्टुलावर बसायच्या आणि गिऱ्हाइकांसमोर ओरडायच्या, "अगं जळली! बघ, बघ, वडीचा चेहरा कसा झालाय!" गिऱ्हाइकंही कमी नव्हती. "काय चित्रकारबाई, व्यायामाचा वर्ग इथेच का?"

पुढच्या परीक्षेला बाईंच्या हाताखाली झोपायला गल्लीत कुणी तयार होईना. शेवटी ताईंनीच डावा हात पुढे केला. "एकच उरलाय. जपून वापर."

या वेळी बाई ताईंच्या तोंडावरून नजर हलवत नव्हत्या. श्वासागणिक विचारायच्या, "दुखतंय का?" त्या पास झाल्या. वाचकांनी टाळ्यांची चित्रं पाठवली. ताईंचा उजवा हात मात्र खांद्याच्या वर पुन्हा कधी गेला नाही. उंच फळीवरचं तिखट त्या अजून दुसऱ्याला काढायला सांगतात.

विधवाही बदलली. झेप घेताना तिच्या कपाळाला आठी पडू लागली. वाचक विचारू लागले, "हिला संधिवात झाला का?" बाई आता आधी चेहरा काढायच्या आणि मग अंग, त्यामुळे माझं काम सुटलं. एका सकाळी बाईंनी मला खोक्यात ठेवलं. झाकण बसेना, म्हणून माझा पाय पाठीकडे दुमडला आणि सवयीने विचारलं, "दुखतंय का?" मग वाट पाहत त्या क्षणभर थांबल्या. शेवटी त्यांनी झाकण दाबून बसवलं.

तेव्हा मित्रांनो, खोक्यातून एवढीच विनंती. माझी काळजी करू नका. मी लाकूड आहे, मला खरंच काही होत नाही. पण कुणाचा हात हातात घ्याल तेव्हा आधी त्याच्या तोंडाकडे बघा, आणि ते मिटलेलं असेल तर जास्त वेळ बघा.