फिनलंडचं टेबल

दहाबोचे ताट कार्यक्रम सांभाळणाऱ्या मेर्वीने दोन्ही हातांनी उचलले, तेही अगदी गोड हसत. "हे इथं चुकून आलेलं दिसतंय," म्हणाली, आणि आमच्या सोमालियाच्या टेबलावरून ते थेट समोरच्या फिनलंडच्या टेबलावर नेऊन ठेवले. दहाबोच्या नावाची चिठ्ठी मात्र आमच्याकडेच राहिली.

चूक कसली? दहाबो सकाळपासून राबली होती. राईच्या पिठाची पारी उजेड दिसेल इतकी पातळ लाटायची, दुधात शिजवलेला भात भरायचा, कडांना बोटांनी मुरड घालायची, भट्टीतून काढल्या काढल्या लोणी फासायचे. कारेलियाची पिराक्का. आमच्या तुर्कू शहरात अशी पिराक्का करणाऱ्या बायका आता कमीच राहिल्या आहेत; बाकीच्या दुकानातून गोठवलेल्या आणतात.

आमच्या वस्तीच्या केंद्रात दर वसंतात संस्कृतींची संध्याकाळ भरते. व्यवहार साधा असतो. आम्ही तळायचे, त्यांनी खायचे, फोटोत दोघांनी हसायचे. सांबुसे, म्हणजे आमचे समोसे, संपले की सभागृह रिकामे. मी ते मनावर घेत नाही. पुढच्या खेपेला खिमा कमी आणि बटाटा जास्त घालते. दहाबोला एवढी अक्कल नाही. ती माणसांत जीव गुंतवते.

तिने जीव गुंतवला तो शेजारच्या आइलीत. आइली लहानपणी युद्धात, फिनलंडच्या पूर्वेकडचा कारेलिया रशियाने घेतला तेव्हा, तिथले घर सोडून इकडे आलेली. तिच्या आईच्या पिराक्कांना तेव्हा इथल्याच लोकांनी नाके मुरडली होती, हे ती दहाबोला लाटता लाटता सांगायची. कितीतरी रविवार दोघींनी एकाच ओट्याशी काढले. आइलीची मुले दूर. शेवटच्या दुखण्यात तिला भरवले ते दहाबोने. या हिवाळ्यात ती गेली, आणि दहाबोने ठरवले की यंदा सांबुसे नाहीत; आइलीच्या पिराक्का, आपल्या नावाने.

मी तिला आधीच छेडले होते, की आपल्या बायका म्हणतील दहाबो गोरी झाली.

"म्हणू देत," ती म्हणाली होती. "मोगादिशू मी पोरवयात सोडलं. रांधायला शिकले ती इथं. जन्मभर त्यांना काय धड न आठवणारं गाव खायला घालू?"

आता समोर रांग लागली होती. एक टक्कल पडलेले गृहस्थ तोंडात घास असतानाच म्हणाले, की बाहेरचे कितीही खा, आपले ते आपले. मेर्वीने आभार मानले. वर म्हणाली, "आपल्या आज्यांच्या हातचं आहे हे."

दहाबो खुर्ची मागे सारू लागली. मी म्हटले, "जाऊ दे गं, खातायत ना?"

"खाण्याचं नाही, शुक्री. आइली जिवंत होती तेव्हा यातलं कोण तिच्या दारात आलं होतं? आता आज्या आठवतायत."

ती उठली आणि रांग ओलांडून गेली. मीही मागोमाग गेले. भांडण बघायची संधी मी सहसा सोडत नाही.

"त्या मी केल्यात," दहाबो म्हणाली, आइलीसारखीच शब्द ओढत.

"हो? किती छान," मेर्वी म्हणाली. "पण लोकांचा गोंधळ होतो ना. तुमच्याकडून त्यांना तुमचं काहीतरी हवं असतं."

"हे माझंच आहे."

"म्हणजे, खरंखुरं तुमचं." आणि मेर्वीने तिच्या दंडावर हलकेच थोपटले, भुकेल्या पोराला समजवावे तसे.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. इतकी वर्षे गोड हसून पचवलेले सगळे एकदम घशाशी आले. वाटले, दहाबो आता ताट उपडे करील. मनातून मला तेच हवे होते. तिने तसे केले नाही. पिराक्कांवर वाढायच्या अंडे कालवलेल्या लोण्याचा चमचा तिने मेर्वीच्या हातातून काढून घेतला, वळसा घालून टेबलाच्या पलीकडे गेली आणि फिनलंडच्या झेंड्याखाली उभी राहिली. मेर्वी कॉफी बघायला निघून गेली.

मी परत येऊन सांबुशांवर झाकण घातले. मागायला आलेल्यांना सांगितले, संपले.

समोरची रांग थबकली होती. पुढच्या बाईने ताटलीत पिराक्का घेतली. दहाबोने लोण्याचा चमचा पुढे केला. बाई तिच्या खांद्यावरून मागे बघू लागली, वाढणारे कुणी येतेय का. मागे नुसती भिंत होती. दहाबोने हात मागे घेतला नाही.