पंपावर न थांबलेली गाडी

आरोग्य केंद्रातल्या सिस्टरची पांढरी गाडी पंधरा दिवसांत तिसऱ्यांदा गॅरेजात आली, तेव्हा काकू दारापाशी बसून जुने नट निवडत होत्या. गॅरेज उभं केलं ते त्यांच्या यजमानांनी. ते गेल्यापासून लेक चालवत होती. लेक चाळिशीला टेकली होती, तरी सगळ्यांची बारकीच होती.

“पुन्हा तेच!” सिस्टर उतरता उतरता म्हणाली. “अर्धा तास बरी चालते, मग चढावर जीव सोडते. कितीही दाबा, नुसती गुरगुरते. समोर तीन पिवळे दिवे लागतात ते वेगळेच. वरच्या वस्तीवरची बाई आज-उद्यात बाळंत होईल गं. मी वाटेत अडकले तर तिच्याजवळ कोण आहे?”

बारकीने गाडीला बिघाड दाखवणारं मशीन जोडलं. पडद्यावर मागच्याच ओळी आल्या.

“इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय म्हणे. सेन्सर नवा घातला, टाकीतला पेट्रोल ओढणारा पंप तपासला. आणि आता बघा.” तिने ॲक्सिलरेटर दाबला. गाडी छान घुमली. “इथे आली की शहाण्या बाळासारखी वागते! सिस्टर, मी हात टेकले.”

काकूंच्या हातातला नट हातातच राहिला. इथे आली की शहाणी? का बरं?

यजमानांची एक रीत होती. गिऱ्हाइकाला आधी लाकडी स्टुलावर बसवायचं, चहा द्यायचा, आणि त्याचं सगळं सांगून झाल्याशिवाय बॉनेटला हात लावायचा नाही. तेव्हा गाड्यांना एकच लाल दिवा असायचा, तोही निम्म्या वेळा उडालेला. यजमानांना पाने-पकडी देता देता काकूंनी कितीतरी गाड्यांची आणि तितक्याच सासवांची दुखणी ऐकली होती. आता त्या स्टुलावर ऑइलचे डबे होते. काकूंनी ते खाली ठेवले.

“बस इथे. दिवे लागले की तू काय करतेस?”

“काय करणार? रडतखडत गाडी वळवते आणि पायथ्याच्या पेट्रोल पंपावर आणते.”

“पेट्रोल संपलेलं असतं?”

“नाही हो, अर्धी टाकी असते. पण मला वाटतं, उपाशी असेल.” सिस्टर ओशाळून हसली. “आमचे वडील असेच. घरात कुणी रुसलं की आधी ताट वाढायचे. मग मी थोडं भरते, आणि काय सांगू काकू, लगेच ताळ्यावर येते! तशीच इथे आणते.”

“तिन्ही वेळा?”

“तिन्ही वेळा.”

“हे मला कधी बोलला नाहीत!” बारकी म्हणाली.

“तू विचारलंस कुठे? तू तर मशीनशी बोलत होतीस.”

काकूंना एक जुनी स्कूटर आठवली. मालकाने हौसेने घरीच रंगवली होती, अगदी पेट्रोलच्या झाकणाच्या बारीक भोकासकट. त्या उठल्या आणि सरळ गाडीत मागे जाऊन बसल्या.

“चला चढावर. आज पंपावर थांबायचं नाही.”

सिस्टरची पिशवी गाडीत होतीच. अर्ध्या तासाने, तिसऱ्या वळणावर, एकेक करत दिवे लागले. गाडी कण्हली आणि थांबली. बारकी मशीन काढू लागली.

“ते राहू दे. टाकीचं झाकण उघड.”

बारकीने झाकण फिरवलं. सूंऽऽ करून टाकीने लांब श्वास आत ओढला.

“हवा!” बारकी ओरडली. “पेट्रोल संपेल तशी टाकीत हवा शिरायला हवी, ती शिरतच नाहीये. मग पंपाने कितीही ओढलं तरी पेट्रोल येणार कुठून? आणि पेट्रोल भरायला झाकण उघडलं की दुखणं गायब!”

ती गाडीखाली सरपटली आणि तारेने टाकीत हवा नेणाऱ्या नळीचं तोंड कोरू लागली. मातीची एक गोळी काकूंच्या तळहातावर पडली. काकूंनी ती फोडली, तर आत बारीक कोळी ठासून भरलेले आणि त्यांच्या मधोमध एक पांढरी अळी.

“कुंभारीण माशीचं घर! गाडी कुठे उभी होती का गं बरेच दिवस?”

“मी रजेवर होते तेव्हा, महिनाभर शेडमध्ये.” सिस्टर वाकून अळीकडे बघत राहिली. “म्हणजे हिचंही बाळंतपणच की. खायची सोय करून ठेवलीय बघा.”

तेवढ्यात तिचा फोन वाजला. वस्तीवरून होता. कळा सुरू झाल्या होत्या.

बारकीने झाकण लावलं. सिस्टरने किल्ली फिरवली. गाडी पुढचा चढ चढू लागली. सहा डोळे त्या तीन दिव्यांच्या जागेवर. एकही लागला नाही.

वर पोचताच सिस्टर पिशवी घेऊन धावत घरात शिरली. आतून कण्हणं ऐकू आलं, मग तिचा शांत आवाज.

मायलेकी बाहेर दगडावर टेकल्या.

“आई,” जरा वेळाने बारकीने विचारलं, “बाबा आणखी काय काय विचारायचे गं गिऱ्हाइकांना?”

काकूंनी हातावरची माती झटकली.

“सांगते. सिस्टरला अजून वेळ आहे.”