मिसरी वालांचा हंडा

मी एक जुना तांब्याचा हंडा आहे. मित्रांनो, माझं पोट मोठं आणि मान अरुंद, त्यामुळे मला पहिल्यांदा बघणारा हमखास हसतो. हसू दे बापडा! पण माझा स्वभाव मात्र पहिल्यापासून काळजीचा. चुलीवर चढवला तरी काळजी, माळ्यावर टाकला तरी काळजी. लोक म्हणतात, उगाच काळजी करू नये. पण एकदा अशी वेळ आली, की माझी काळजी अगदी खरी होती आणि ती कुणाला सांगायची सोय नव्हती. तीच हकिकत तुम्हांला सांगतो.

माझा जन्म मिसर देशातला. कैरो शहरातल्या एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं आणि आतून कथलाची पांढरीशुभ्र कल्हई दिली. तिकडे भूमध्य समुद्राच्या काठाला एक रुंद, जाडजूड वाल पिकतो. तो वाळवून वर्षभर ठेवतात. श्रीमंत असो की हमाल, सकाळी त्याच्या पुढ्यात तेच वाल. माझ्यासारखे हंडे त्या वालांसाठीच घडवायचे. अरुंद मानेमुळे वाफ आत कोंडते आणि मंद विस्तवावर दाणा लोण्यासारखा होतो.

दुसऱ्या महायुद्धात आपल्या मराठी पलटणी तिकडे गेल्या होत्या. त्यांतल्या एका पलटणीचा आचारी होता बाळाजी. कोकणातल्या तळा गावापासून कोसभर आत त्याचं खेडं. एका म्हाताऱ्या मिसरी खानावळवाल्याशी त्याची दोस्ती जमली. एकाची भाषा दुसऱ्याला येत नव्हती, पण हात बघून बघून बाळाजी सगळं शिकला. लढाई संपली तेव्हा त्याने मला विकत घेतलं, माझ्या पोटात वालांचं बी भरलं आणि देश स्वतंत्र झाला त्या साली मला घरी आणलं.

त्याची बायको रंगू दारातच म्हणाली, "लोकांचे नवरे लढाईवरनं बिल्ले घेऊन आले, आमचे हंडा घेऊन आले! अवो, वाल काय आपल्यात पिकत न्हाईत?"

बाळाजी नुसता हसला. तो फार कमी बोलणारा माणूस. दहा प्रश्नांना एक हुंकार, तोही नशिबात असेल तर. भात कापून झाल्यावर त्याने शेताच्या एका कोपऱ्यात ते बी लावलं. आपल्या हवेत ते फारसं धरत नसे, पण घरापुरतं व्हायचं. गावाने त्याचं नाव ठेवलं मिसरी वाल.

ते शिजवायची त्याची रीत सांगतो. वाल रात्रभर भिजवायचे. मग ते माझ्या पोटात घालून वर मूठभर मसूर आणि पाणी. तोंडाला झाकण, झाकणाला कणकेचं लिंपण. मग भाताच्या तुसाच्या धुमसत्या विस्तवात मला मानेपर्यंत पुरून ठेवायचं. दाणा मऊ झाला की उलथन्याने अर्धवट घोटायचा, ठेचलेली लसूण, जिरं, मीठ आणि वरून गोड्या तेलाची धार. लिंबू पिळायचं ते ताटात, हंड्यात कधी नाही. सोबत कांदा आणि तांदळाची भाकरी. कधी तो वाल सोलून पिठल्यासारखे दाट घोटायचा आणि वर तांबूस तळलेला कांदा पसरायचा. कधी भिजवलेले वाल कोथिंबीर-कांद्याबरोबर पाट्यावर वाटून त्याचे वडे तळायचा. ते तळायला कढई लागे, माझं काम नसे, पण वास मलाही यायचा!

पहिल्या दिवशी नाक मुरडणारी रंगू पुढे स्वतःच विचारायची, "मग, आज तुमचं मिसरी काय न्हाय व्हय?" शेजारची मनुबाई वाटी घेऊन कुंपणाशी उभी राहायची. आणि बाळाजी-रंगूची एकुलती एक लेक बायजा, ती तर माझ्या मानेला चिकटलेला घोटलेला वाल बोटाने पुसून खायची. काय सुखाचे दिवस होते ते!

पण मित्रांनो, तांब्याचं भांडं म्हणजे आतल्या कल्हईवर सगळा भरवसा. तिच्याशिवाय तांब्यात आंबट पडलं, की अन्न कळकतं आणि त्याचं विष होतं. म्हणून दर वर्षी म्हसळ्याचे इस्माईलभाई आपला भाता घेऊन यायचे. बाळाजी स्वतः मला त्यांच्यापुढे ठेवायचा आणि काम झाल्यावर उन्हात तिरका धरून थेट तळ बघायचा. शिजवणं त्याचं, घासणं त्याचं, कल्हईही त्याचीच. रंगूला कधी हात लावू दिला नाही आणि त्यातलं का आणि कसं, हेही कधी सांगितलं नाही. सांगायला बोलावं लागतं ना!

पुढे बाजारात जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची, भांडी आली. हलकी, स्वस्त, कल्हईची कटकट नाही. इस्माईलभाईंचं काम बसलं, त्यांनी या बाजूला येणं सोडलं. बायजाचं लग्न झालं, ती मुरुडला गेली. सगळ्यांत आवडीने खाणारं माणूसच घरात उरलं नाही, तेव्हा बाळाजीने मला माळ्यावर ठेवलं. माझी कल्हई तोवर तळाला पार झिजली होती, उलथन्याने खरवडून खरवडून. मानेपाशी मात्र ती तशीच पांढरी चकचकीत होती. वरून कीर्तन, आतून तमाशा!

बासष्ट सालचा शिमगा झाला आणि बायजा माहेरी आली. तिला पाचवा महिना होता. पहिलं बाळ जन्मतःच गेलेलं, त्यामुळे घरात सगळेच तिच्याकडे जपून बघायचे. तिच्या पोटात अन्नाचा कण ठरत नव्हता. चेहरा पार उतरला होता. एके सकाळी ती म्हणाली, "बाबा, मला तुमच्या हातचे मिसरी वाल खावेसे वाटतात."

बाळाजीचा चेहरा असा फुलला! "करतो," तो म्हणाला. मग पायात वहाणा घालता घालता रंगूला म्हणाला, "हंडा खाली काढून ठेव. मी माणगावला जाऊन येतो."

एवढंच! कशाला जातो, कधी येतो, काही नाही. तो चालला होता इस्माईलभाईंना शोधायला. ते माणगावात लेकाकडे राहतात, असं त्याने ऐकलं होतं. अरे बाबा, तेवढं सांगून जा ना! पण गडी यष्टी पकडायला गेलासुद्धा.

तो दिवस गेला, दुसरा गेला, तरी बाळाजी परतला नाही. बायजाने सकाळची पेजही ओकून टाकली. रंगूचा जीव तुटला. "यांची वाट बघत बसले तर पोर उपाशी मरंल," ती म्हणाली. तिने बियाण्यासाठी ठेवलेले मिसरी वाल भिजत घातले आणि मला चिंच-राखेने बाहेरून असं घासलं, की मी आरशासारखा लखलखलो. तिचा हात माझ्या मानेतून आत जाईना, तेव्हा काठीला काथ्या बांधून तिने आतून फिरवला. मग आत डोकावली. मानेपाशी कल्हई चमकत होती. "झ्याक हाय," ती म्हणाली.

मी आतल्या आत ओरडलो. झ्याक कुठलं, बाये? खाली बघ! तळ उघडा पडलाय! पण ऐकतो कोण?

वाल शिजले. ते तरी बरं, आंबट नव्हतं. मी म्हटलं, लिंबू ताटातच पिळ गं, म्हणजे निभावेल. पण रंगूचा हात कोकणातल्या बाईचा. आपल्या वालाच्या बिरड्यात आमसूल पडल्याशिवाय तिला चैन कसं पडावं? भल्या सकाळी तिने चांगली मूठभर आमसुलं माझ्या पोटात टाकली आणि मुरायला म्हणून झाकण घालून मला तसंच उबेवर ठेवून दिलं.

दुपारपर्यंत मी तसाच बसून होतो. आंबट माझ्या उघड्या तळाला लागत होतं आणि तांबं त्यात उतरत होतं. मला ते कळत होतं आणि मी काहीही करू शकत नव्हतो. देवा, मला तडा जाऊ दे, मांजर येऊन मला उलथू दे, काहीतरी होऊ दे! मांजर आलं, वास घेतला आणि निघून गेलं.

रंगूने बायजापुढे ताट ठेवलं. पहिला घास घेताच बायजाचं तोंड वाकडं झालं, मी पाहिलं. तिला ती चव लागली होती. पण समोर आई घामाने निथळत, पदर खोचून बसलेली.

"कसं झालंय गो? बाबांसारखं न्हाय ना?"

"ब्येस झालंय, आये," बायजा म्हणाली आणि आईला वाईट वाटू नये म्हणून तिने सगळं संपवलं.

ती हात धुवायला उठली आणि तेवढ्यात बाळाजी अंगणात आला. मागे भाता खांद्यावर घेतलेले, दोन-तीन दिवस शोधून सापडलेले, थकलेले इस्माईलभाई. बाळाजीने चुलीकडे पाहिलं, लखलखता मी, उघडं झाकण. त्याने उलथन्याला लागलेलं चाखलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"कुणी खाल्लं हे?" तो असा ओरडला, की मनुबाई कुंपणापलीकडून धावत आली.

कुणाला सांगावं लागलं नाही. बायजा पोट धरून खाली बसली होती. उलट्यांवर उलट्या. इस्माईलभाई म्हणाले, "दूध पिलाव उसको, जितना है उतना!" मनुबाईने घरातलं सगळं दूध आणलं. बैलगाडी जोडली, तिला आडवी घातली आणि गाडी माणगावच्या दवाखान्याकडे निघाली. बाळाजी बरोबर गेला. जाताना त्याने एका लाथेने मला अंगणातल्या फणसाखाली उडवलं.

रंगूने माझ्या पोटातलं सगळं खड्ड्यात ओतून वर माती लोटली. मग मुसळ आणलं आणि माझ्यावर दणका घातला. एक, दोन, तीन. "मी माझ्या हातानं लेकीला विख घातलं!" ती रडत होती. माझ्या कुशीला मोठा पोचा आला. मित्रांनो, मला राग नाही आला. मला फक्त बायजाची बातमी हवी होती. इस्माईलभाईंनी तिच्या हातातून मुसळ काढून घेतलं आणि ते तिच्याजवळ बसून राहिले.

काही दिवसांनी गाडी परत आली. बायजा उतरली, हळदीसारखी पिवळी पडलेली, पण आपल्या पायांनी चालत. माझा जीव जरा भांड्यात पडला, पण जराच. कारण त्या संध्याकाळी बाळाजी ओटीवर रंगूला सांगत होता, "डाक्तर म्हनला, पोरीच्या जिवाची भीती न्हाय. बाळाचं आताच सांगता येत न्हाय. हालचाल लागली, तर बाळ वाचलं समजायचं."

"आन न्हाय लागली तर?"

बाळाजी तिच्याजवळ सरकला आणि म्हणाला, "रंगू, तू सोताला बोल लावू नको. घरातनं निघताना मी एक सबूद बोललो असतो, का हंड्याला कल्हई न्हाय, तर ही वेळ आली नसती. पंधरा वर्सं माज्या तोंडाला काय कुलूप होतं?"

आता सगळं घर वाट बघू लागलं. रंगू सकाळी उठून लेकीकडे बघायची, बायजा मान हलवायची. मनुबाई कुंपणावरून नुसत्या भुवया उंचावून विचारायची. बाळाजी शेतावर जायचा आणि अर्ध्या वाटेतून परत यायचा. मी फणसाखाली पालथा पडून होतो. माझ्यावर पाचोळा साचला, मुंग्यांनी वस्ती केली. घरात जरा भांडं वाजलं तरी माझ्या काळजात धस्स व्हायचं. त्या बाळाचं काही झालं असतं, तर मला मोडीत घालून वितळवलं असतं तरी मी हूं केलं नसतं.

एका दुपारी बायजा फणसाच्या सावलीत येऊन बसली. पाठ खोडाला टेकली, पाय लांब केले आणि माझ्याकडे बघत राहिली. मला कुठे तोंड लपवू असं झालं. एवढ्यात ती दचकली. तिने हात पोटावर ठेवला. श्वास रोखून बसली. मीही बसलो.

"आये!" ती किंचाळली. "आये, हललं! अगो, परत हललं!"

रंगू पिठाच्या हातांनी धावत आली आणि लेकीच्या पोटावर दोन्ही पांढरे पंजे टेकून हमसाहमशी रडू लागली. बाळाजी बांधावरून पळत आला, एक वहाण तिकडेच राहिली. मनुबाईने कुंपण ओलांडायला वळसा घेतला नाही, मोडूनच आली! मित्रांनो, मी धातूचा आहे, मला आसवं नाहीत. असती, तर त्या दिवशी वाहिली असती.

बाळाजी मला मोडीत घालायला निघाला, तेव्हा बायजाच आडवी आली. "हंड्यानं काय केलं, बाबा? त्याला बोलता येत न्हाय. तुमाला येतं ना? मग बोला आता. मनुबाईला बी बोलवा. सगळ्यांदेखत सांगा, हा हंडा कसा वापरायचा ते."

इस्माईलभाईंना निरोप गेला. त्यांनी माझा पोचा काढला, नवसागर मारून आतून तळापर्यंत पांढरीशुभ्र कल्हई केली. आणि बाळाजी, तो मुका बाळाजी, ओटीवर उभा राहून घाम पुसत बोलला. कल्हई कशी तपासायची, आंबट ताटात का घ्यायचं, वाल किती भिजवायचे. बायका मध्येच अडवून विचारत होत्या आणि तो उत्तरं देत होता. रंगूने तर त्याला एकच गोष्ट तीनदा सांगायला लावली आणि तिसऱ्यांदाही तो चिडला नाही.

श्रावणात बायजाला मुलगी झाली. गुटगुटीत, आणि आवाज असा, की आळीभर ऐकू जावा. बाळाजी म्हणाला, "बरं झालं, माज्यावर न्हाय गेली."

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखं जुनं भांडं असेल, तर त्याला नुसतं बाहेरून घासून चमकवू नका, आत तळापर्यंत बघा. आणि घरातलं कुणी एखादं काम वर्षानुवर्षं एकट्याने करत असेल, तर त्याच्याजवळ जाऊन बसा आणि विचारून घ्या. तुम्हांला काही येत असेल, तर निघण्याआधी सांगून जा. मला देवाने तोंड दिलं, पण त्या दुपारी माझ्या बायजाला "खाऊ नकोस" एवढं मला म्हणता आलं नाही. तुम्हांला म्हणता येतं.