एमॉटचे वाटाणे

मार्लहोमच्या मठात स्वर्गातलं फळ वाटाण्यांवर शिकवलं जाई. ही रीत सबीनाबाईंनीच पाडलेली. मठात येणाऱ्या मुली खेड्यांतल्या, त्यांना लॅटिनचा गंध नाही. इंग्रजी पुस्तक होतं एक, पण ते जिनं उतरून काढलं होतं तिचं अक्षर असं की शाईतून कोंबडी चालत गेली असावी. म्हणून बाई स्वयंपाकघरातून सुके वाटाणे मागवत आणि लाकडी टेबलावर तीन वाडगे मांडत. एकात शंभर, दुसऱ्यात साठ, तिसऱ्यात तीस.

"बी एकच, पेरणारा एकच," बाई सांगत. "पीक मात्र वेगळं. कुमारिकेला शंभरपट, विधवेला साठपट आणि नवऱ्याजवळ नांदणारीला तीसपट. पुस्तकात असंच लिहिलंय."

पुस्तकात पुढे संसाराची मनसोक्त नालस्ती होती. ती वाचताना एवढं नक्की कळे की लिहिणारा पुरुष होता आणि त्यानं जन्मात पाळणा हलवला नव्हता. पण कौमार्यावर तो लिहायला लागला की त्याची लेखणी थांबत नसे. कौमार्य म्हणजे दागिना, एकदा फुटला की सांधता न येणारा. कौमार्य म्हणजे देवदूतांची बहीण. मुली तोंडाचा आ करून ऐकत. सबीनाबाई अठरा वर्षं हेच वाचत आल्या होत्या, त्यामुळे त्यांना ते पाठ झालं होतं, आणि पाठ झालेलं माणसाला फारसं टोचत नाही.

त्या वर्षी तीन मुली होत्या. चार दिवसांनी बिशप येणार, त्यांच्या हातून मुलींना मस्तकावर पडदा आणि बोटात अंगठी मिळणार, म्हणून बाईंनी शेवटची उजळणी घेतली. घंटा झाली तशा दोघी प्रार्थनेला पळाल्या. एमॉट तेवढी वाटाणे पिशवीत भरत मागे रेंगाळली. एकोणीस वर्षांची, मेंढपाळाची पोर. हात लोकर धुऊन धुऊन रापलेले, आणि तीन मुलींत एकटीच अशी की जी शिकवलेल्यावर विचार करी. बाईंचा तिच्यावर जीव होता. त्या तसं दाखवत नसत, हा भाग वेगळा.

"बाई, एक विचारू?"

"आता काय राहिलं विचारायचं?"

"माझा वाडगा कुठला?"

"म्हणजे काय? हा पहिला. शंभराचा."

एमॉट वाटाण्यांत बोटं घालून उभी राहिली. "मी विधवा नाही. माझं लग्नही झालेलं नाही. आणि बाई, मी कुमारिकाही नाही."

तिनं सगळं सांगितलं. रडली नाही, लपवलं नाही. तीन वर्षांपूर्वी कोकरं जन्मायच्या दिवसांत कुरणावरच्या खोपटात ती आणि शेजारच्या वाडीतला वॅट राखणीला होते. पीक हाती आलं की लग्न करू म्हणाला होता. पीक आलं, तेव्हा तो धनुष्य घेऊन फ्रान्सच्या लढाईवर गेला आणि तिकडेच कुणाशी तरी संसार मांडून बसला. "त्यानं जबरदस्ती केली नाही," एमॉट म्हणाली. "मला तो आवडायचा. हेही सांगितलेलं बरं."

सबीनाबाईंनी दार लावून घेतलं. "आणखी कुणाला ठाऊक आहे?"

"कुणालाच नाही. आईलासुद्धा नाही."

"मग झालं तर. बिशप तुला काही विचारत नाहीत. आदल्या दिवशी त्यांचा कारकून मला विचारतो, मी यादी लिहून देते, आणि बायबलवर हात ठेवून शपथ मी घेते. तू फक्त मान खाली घालून उभं राहायचंस."

"म्हणजे माझ्यापायी तुम्ही खोटी शपथ घेणार?"

"ते माझं मी बघीन. तू लहान आहेस."

"नको, बाई." एमॉटनं पिशवीचं तोंड बांधलं. "ती अंगठी मरेपर्यंत बोटात राहणार. रोज सकाळी तोंड धुताना दिसणार. मला नाही जमायचं. तुम्हाला नाही कळायचं ते. तुम्ही शंभरातल्या."

पोरगी हे टोचून बोलली नव्हती, मनापासून बोलली होती. बाईंचा उजवा हात आपोआप डाव्या हातावर गेला आणि त्यांनी अंगठी झाकली.

मार्लहोमची रीत अशी. ज्यांचं कौमार्य अखंड, त्या वेदीच्या उजवीकडे उभ्या राहतात. त्यांना बिशप स्वतः अंगठी घालतात. बाकीच्या डावीकडे. त्यांना पडदा मिळतो, आशीर्वाद मिळतो, अंगठी मिळत नाही. डावीकडे येतात त्या बहुतेक विधवा, नातवंडं झालेल्या, आणि त्यांना कुणी नाव ठेवत नाही. पण एकोणीस वर्षांची पोर डावीकडे उभी राहिली तर देवळात जमलेल्या गावाला काय ते कळतं. शिवाय डावीकडची बाई मठात कायम शेवटची. रांगेत शेवटची, गायनात शेवटची, पानावर बसतानाही शेवटची, मग तिच्यामागून आलेली पोर दहा वर्षांनी लहान का असेना.

मठमाता इडोनिया यांच्या कानावर घालणं भाग होतं. त्या मधमाश्यांच्या पोळ्यांपाशी उभ्या होत्या. सगळं ऐकून त्यांनी सुस्कारा टाकला.

"घरी पाठवून दे तिला. बिशप यायच्या आत."

"घरी कुठे पाठवू? बापानं तिची खाट मोडून सरपण केलंसुद्धा. आणि आई वाटेला लागलीय. तीन दिवसांची चाल आहे."

"मग राहू दे डावीकडे. स्वतःच्या तोंडानं बोललीय ना? जन्मभर शेवटची राहील, त्याला मी काय करू? रीत काही मी काढलेली नाही." इडोनियाबाई वाईट नव्हत्या. मठ चालवून चालवून त्यांच्या बोलण्यात दगडमातीचा कोरडेपणा आला होता, इतकंच. जाता जाता त्या म्हणाल्या, "काय गं सबीना, तुझ्या हाताखालून इतक्या पोरी गेल्या, पण असं कुणी आपणहून बोललेलं मला आठवत नाही."

"मलाही नाही," सबीनाबाई म्हणाल्या.

खरं तर त्यांना एक न बोललेली आठवत होती. एकतीस वर्षांमागची. बापाला सहा मुली, आणि गावच्या देवळाचा मनोरा दुरुस्त करायला एक पाथरवट आलेला. त्याचं नाव ॲडम होतं आणि त्याच्या भुवयांवर कायम चुनखडीची पांढरी धूळ असे. एक अख्खा उन्हाळा. मनोरा झाला तसा तो पुढच्या गावाला गेला, आणि बापानं सबीनाला मार्लहोमला आणून सोडलं. तेव्हाच्या शिकवणाऱ्या बाईंनी काही विचारलं नाही, तिनंही काही सांगितलं नाही. बिशपांनी मात्र त्या वर्षी वेदीपाशी थेट तिलाच विचारलं होतं, कुमारिका आहेस ना. ती "हो" म्हणाली होती, आणि अंगठी बोटात आली होती.

पुढे तिनं पापकबुली दिली. म्हातारे पाद्री होते, ते म्हणाले, देवानं ऐकलं, झालं, आता बोभाटा करून मठाची अब्रू घालवू नकोस. तिला तेच हवं होतं. त्यानंतर ती शंभर वाटाणे मोजायला शिकली, मोजायला शिकवू लागली, आणि हळूहळू ते शंभर आपलेच आहेत असं तिला वाटू लागलं. माणूस स्वतःला काय काय पटवू शकतो!

कारकून आला तेव्हा सबीनाबाईंनी यादी लिहिली. उजवीकडे दोन नावं, डावीकडे एमॉटचं. बायबलवर हात ठेवून शपथ घेतली. शपथ शब्दाला शब्द खरी होती. तरीही त्यांना दिवसभर अन्न गेलं नाही.

दुपारी एमॉटची आई पोचली. ठेंगणी, उन्हानं करपलेली बाई, फडक्यात मेंढीच्या दुधाचं चीज बांधून आणलेली. फाटकातच तिनं सबीनाबाईंचे दोन्ही हात धरले.

"माझी एमी उजवीकडे असंल ना हो बाई? आमच्या गावचे आठजण आलेत बघायला. मी सगळ्यांना सांगितलंय, उजव्या अंगाला बसा म्हणून, तिकडनं नीट दिसतंय."

सबीनाबाईंनी हात सोडवून घेतले आणि त्या आत वळल्या. मागून एमॉट आली, आईला बाजूला घेऊन गेली. कुंपणापाशी दोघी बराच वेळ उभ्या होत्या. आई आधी तावातावानं हात हलवत होती, मग हात हलायचे थांबले. शेवटी तिनं चीजचं फडकं जमिनीवर ठेवलं आणि डोक्यावरच्या रुमालाआड तोंड लपवून ती रडू लागली. सबीनाबाईंनी ते सगळं खिडकीतून पाहिलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना स्वतःची लाज वाटली. पापाची नाही. गप्प राहिल्याची.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्वयंपाकघरात गेल्या. पर्नेल चुलीशी होती. मठातली सगळ्यांत जुनी स्वयंपाकीण, तीन नवरे पुरून डावीकडून पडदा घेतलेली. तिच्या बोटात अंगठी नव्हती आणि तिच्या तोंडाला लगाम नव्हता.

"हंसाची चरबी आहे का गं थोडी?"

"आज? उपासाच्या दिवशी? सबीनाबाई, बिशप आलेत म्हणून चोरून वडे तळताय की काय?"

"बोटाला हवीय. अंगठी काढायचीय."

पर्नेलनं डाव खाली ठेवला. बाईंचं बोट हातात घेऊन तिनं उलटसुलट पाहिलं. सांधे सुजलेले, अंगठी मांसात रुतलेली. "घासायला द्यायचीय? एवढा मोठा सोहळा म्हणून?"

"नाही. परत द्यायचीय."

पर्नेल बडबडी होती, पण बावळट नव्हती. तिनं चरबीचं मडकं काढलं, बोटाला चोळून चोळून लावली, मग दोऱ्याचे वेढे दिले. "ओरडू नका हं. माझा दुसरा नवरा मेला तेव्हा त्याची अशीच काढली. तो बिचारा काही बोलला नाही." अंगठी सुटली तेव्हा बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, ते दुखलं म्हणूनही असेल. खाली कातडीवर पांढरं कडं उमटलं होतं, एकतीस वर्षं ऊन न लागलेलं.

"शेवटच्या जागेवर वारा फार येतो, बाई," पर्नेल म्हणाली. "मी बसते ना तिथं. लोकरीचे मोजे घालत जा."

देऊळ भरलं होतं. एमॉटच्या गावचे आठजण आईनं सांगितल्याप्रमाणे उजवीकडे बसले होते. आई मात्र खांबाआड होती, मान खाली. कारकुनानं नावं वाचली. दोघी उजवीकडे गेल्या. "एमॉट, डावीकडे." देवळात कुजबूज उठली, आठजणांपैकी कुणीतरी "अगं बाई!" म्हणालं, आणि पोरगी चालत जाऊन डावीकडच्या मोकळ्या फरशीवर एकटी उभी राहिली. तिची मान ताठ होती.

अंगठ्यांचं तबक धरायचा मान शिकवणाऱ्या बाईंचा. सबीनाबाई तबक घेऊन बिशपांसमोर आल्या. बिशप थकलेले, पडशानं नाक लाल झालेले गृहस्थ होते. त्यांनी तबकात पाहिलं.

"मुली दोन," ते म्हणाले. "अंगठ्या तीन कशा?"

"तिसरी माझी आहे, महाराज." बाईंचा आवाज शिकवताना असे तसाच होता, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. "एकतीस वर्षांपूर्वी मी इथं खोटं बोलून घेतली. त्या वेळी माझी जागा डावीकडे होती."

"सबीना!" इडोनियाबाई मागून पुटपुटल्या.

बिशपांनी रुमाल काढला, नाक पुसलं, आणि जरा वेळ तिच्या बोटावरच्या पांढऱ्या कड्याकडे पाहिलं. ओरडतील असं सगळ्यांना वाटलं. "जी तुमची जागा," ते शेवटी म्हणाले, "तिथं जा." बोलण्यात राग नव्हता, दयाही फारशी नव्हती. तबक त्यांनी कारकुनाच्या हाती दिलं.

सबीनाबाई डावीकडे चालत गेल्या. एमॉटच्या अलीकडे, वेदीजवळ जागा होती, ती वयानं आणि वर्षांनी त्यांची होती. तिथं त्या थांबल्या नाहीत. एमॉटला वळसा घालून त्या पलीकडे गेल्या आणि भिंतीला लागून, अगदी टोकाला, शेवटच्या जागेवर उभ्या राहिल्या. पर्नेल म्हणाली होती ते खरं होतं, तिथं वारा होता.

एमॉट कुजबुजली, "बाई, हे काय केलंत तुम्ही? तुम्ही तर शंभरातल्या."

"ते वाटाणे माझे मीच मोजले होते गं," सबीनाबाई म्हणाल्या. "सरळ उभी राहा. तुझी आई बघतेय."

आई खरोखरच बघत होती. खांबाआडून बाहेर येऊन ती टाचा उंचावून उभी होती, आणि शेजारच्या बाईला बोटानं दाखवत होती की शेवटून दुसरी, ती माझी एमी.