टायपिंगवालीचा पहिला नंबर

मी एक जुना व्हिडिओ गेम आहे आणि तुम्ही मला कधीच आवडला नाहीत. तरीही आत्मवृत्तात अशी हाक मारायची रीत आहे, म्हणून मित्रांनो.

माझा जन्म दिल्लीच्या एका गल्लीत झाला. प्लायवुडचं कपाट, त्यात टीव्हीची काच, पुढे एक दांडा आणि लाल बटण. केळी पोचवून परतणाऱ्या ट्रकमधून मी १९८८ साली जळगावला आलो. टायपिंग क्लासखालच्या गाळ्यात जीवराम नानांनी मला उभं केलं. रुपया टाकला की माझ्या काचेवर विमानं उतरायची आणि तुम्ही ती पाडायचात. पाडता आली नाहीत की मला लाथ मारायचात.

वीज गेली की मी सगळे आकडे विसरायचो, आणि वीज रोज जायची. म्हणून नानांनी शेजारी फळा लावला, सुतळीला खडू बांधला आणि जाहीर केलं, "ज्याचा आकडा त्यानं लिहावा." आठ दिवस तुम्ही आकडे लिहिले. नवव्या दिवशी कोणीतरी एका आकड्याखाली दुसऱ्याच्या बापाविषयी लिहिलं. खाली सही नव्हती. सही लागत नाही हे कळल्यावर तुमच्यातले कितीतरी जण लिहिते झाले.

पिंप्राळ्याची सुनंदा दुपारी वर क्लासला यायची. बॅच सुरू व्हायच्या आधी एक डाव खेळायची. तिची बोटं मिनिटाला चाळीस शब्दांच्या वेगाची. एके दिवशी तिने अठ्ठेचाळीस हजार सहाशे केले. नानांनी हौसेने फळ्यावर लिहिलं, 'टायपिंगवाली, पहिला नंबर'. दुसरा नंबर भिकनचा. तो दालमिलमध्ये कामाला, खेळायला यायचा संध्याकाळी.

मग तुम्ही खडू घेतलात. ती कोणाबरोबर फिरते, कुठे बसते, सगळं लिहिलंत. तिला पाहिलेले दोघे होते, लिहिणारे वीस. भिकनने लिहिलं, 'हिच्या घरी कोणी मर्द नाही का?' त्यापुढे सात जणांनी बरोबरच्या खुणा केल्या.

सुनंदाने ते वाचलं. परीक्षा अकरा दिवसांवर होती. घरी कळलं असतं तर क्लास बंद झाला असता.

"नाना, ते पुसा ना."

"मी कोणाकोणाचं पुसू, बेटा? मी फक्त फळा लावला. लिहिणारे पोरं आहेत."

"मग खडू तरी काढून घ्या."

"खडू काढला तर खेळणाऱ्यांनी आकडे कशानं लिहायचे? आणि हे वाचायला गर्दी किती होते, पाहते ना तू?"

तिने ओढणीच्या टोकाने स्वतःच पुसलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही तेच जास्त मोठ्या अक्षरात लिहिलंत. त्यापुढे कोणीतरी जोडलं, 'पुसते म्हणजे खरं आहे.' एवढं शिक्षण तुम्ही कुठल्या कॉलेजात घेतलंत?

त्या गुरुवारी दालमिलचा पट्टा तुटला आणि भिकन दुपारीच आला. टायपिंगवाली एकदा पाहून घ्यावी, एवढाच त्याचा हेतू. गर्दीतून वाट काढत तो पुढे आला. माझ्यासमोर त्याची सख्खी बहीण उभी होती. ती वर क्लासला जाते हे त्याला माहीत होतं, खाली खेळते हे नव्हतं.

"दादा," सुनंदा म्हणाली.

भिकनने फळ्याकडे पाहिलं. तिथे त्याचं स्वतःचं अक्षर होतं. तो तिकडे पाठ करून उभा राहिला.

"चाल घरी. क्लास बंद."

"आठच दिवस राहिले, दादा. परीक्षा देऊ दे. मग म्हणशील ते."

"लोक काय काय लिहून राहिले, वाचलं नाही का?"

"वाचलं. तुझं अक्षर मला ओळखू येतं."

गर्दीत कोणी हसलं नाही. भिकनने तिचा हात ओढला. तिने दुसऱ्या हाताने माझा दांडा घट्ट धरला. मी कलायला लागलो.

"मशीन! धरा रे बठ्ठा, मशीन पडी जाई!" नाना सगळ्यांना उद्देशून ओरडले.

तुम्ही पंधरा जण धावलात. कोणी माझी काच धरली, कोणी पाठ. एकाने तिची बोटं एकेक करून दांड्यावरून सोडवली, अगदी हलक्या हाताने, दांड्याला काही होऊ नये म्हणून. ती गेली. ती परीक्षा तिने दिली नाही.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी वस्तूंची काळजी घ्या म्हणून विनवायचं असतं. मी विनवत नाही. तुम्ही माझी काळजी किती घेता, ते मी त्या दिवशी पाहिलं. मला ओरखडासुद्धा आला नाही.