नीमाची विचारपूस

"मॅडम, घरचे कसे आहेत?" नीमाने दारातूनच विचारलं.

"मजेत."

"सरांचा गुडघा?"

"बरा आहे."

"आणि तुमची मुलगी?"

"तीही मजेत. नीमा, मला लेक्चर आहे गं. काही काम होतं का?"

ती कसनुशी हसली. "नाही मॅडम. तुम्ही जा."

टांझानियाची ही मुलगी माझ्याकडे पीएच.डी. करत होती. अभ्यासात हुशार, पण पाल्हाळ भारी. त्या आठवड्यातली ही तिसरी विचारपूस. आम्हा बडोदेकरांना 'केम छो'चं खरं उत्तर ऐकायला सवड नसते. 'मजामां' म्हणायचं आणि चालू लागायचं. त्यातून मी पंचवीस वर्षं विद्यार्थ्यांना 'मुद्द्याचं बोला' म्हणत आलेली, आणि त्याचा मला केवढा तोरा!

शुक्रवारी दुपारी विभागाचे क्लार्क सुभानराव एक कागद घेऊन माझ्या टेबलाशी आले. "मॅडम, नीमाच्या अर्जावर सही करून टाका ना आता. सोमवारपासून तुमच्या दाराशी आंटे मारतेय बिचारी."

"कसला अर्ज?"

"रजेचा. आई सिरीयस आहे ना तिची. तुमच्या सहीशिवाय तिला जाता येत नाही."

"अहो, मग मला बोलली का नाही?"

"बोलणार केव्हा? त्यांच्यात आधी समोरच्याच्या घरची चौकशी करायची, मग समोरच्यानं आपली करायची, तेव्हा कुठे स्वतःचं काम काढायचं. एकदम मागितलं तर उद्धटपणा. माझ्याकडे चहाला बसलेली, तेव्हा मी सहज विचारलं, आई कशी आहे म्हणून. तर रडायलाच लागली. मला वाटलं, तुम्हालाही सांगितलं असेल."

तीन वर्षांत तिच्या आईबद्दल मी एकदाही विचारलं नव्हतं. शरमेनं माझे कान तापले. कशीबशी सही केली आणि रिक्षा करून हॉस्टेल गाठलं.

नीमा खाटेवर बसली होती. तिच्या खोलीत राहणारी शलाका मला दारातच थांबवून हळू आवाजात म्हणाली, "सकाळी फोन आला मॅडम. तिची आई गेली."

मी आत जाऊन अर्ज पुढे केला. दुसरं काय करणार होते?

मला बघून नीमा उठून उभी राहिली. तिने तो कागद दोन्ही हातांनी घेतला, सही पाहिली, आणि खुर्चीवरचे कपडे उचलून मला बसायला जागा केली.

"तुम्हाला एवढ्या उन्हात यावं लागलं, मॅडम," ती म्हणाली. "माफ करा."